भिंतीवरच्या चित्रांना आजींचा आवाज: बडोद्यातल्या मराठी संस्थांना खुले पत्र

प्रति,
बडोद्यातील मराठी मंडळे, ग्रंथालये आणि गणेशोत्सव मंडळांचे विश्वस्त व कार्यकर्ते यांस

सा. न. वि. वि.

गेल्या वर्षी आपल्यापैकीच एका संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात ‘एआरचा शो’ ठेवला होता. मुलांना घेऊन या, असा निरोप आला म्हणून मी भाच्याला घेऊन गेले. हॉलमधले दिवे मालवले, मुलांना रांगेत उभे केले आणि एकेकाच्या डोळ्यांवर जाडजूड हेडसेट चढवला. आत कुठल्या तरी परदेशी बागेतला झोपाळा होता. मुले किंचाळली, हसली, दोन-दोन मिनिटांत बाहेर आली. शेवटी पडद्यावर मुलांच्या शेजारी वाघ उभा राहिलेला दाखवला, टाळ्या पडल्या आणि शो घेऊन आलेल्या गृहस्थांनी समितीच्या हातात कोटेशन दिले. परतताना रिक्षात भाच्याला विचारले, काय आवडले? तो म्हणाला, ‘आत्या, वडापाव.’

आता हेडसेट विकत घ्यायचे त्या संस्थेत घाटते आहे, आणि आणखी दोन-तीन मंडळांतही तशी बोलणी चालली आहेत, असे कानावर आले. म्हणून हे पत्र. मी त्या तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. उलट, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझी नोकरीच त्यावर चालते. मला ते इतके आवडते, की ते असे वाया गेलेले बघवत नाही.

आधी एक घोळ निस्तरू या. डोळ्यांवर हेडसेट चढवून हॉल दिसेनासा झाला, तो झोपाळा म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी. त्यात समोरचे जग झाकले जाते आणि दुसरे उघडते. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे एआर, जग झाकत नाही. समोरचे खरे तसेच दिसत राहते आणि त्यावर, नेमक्या जागी, संगणकाने ठेवलेले काहीतरी बसते: एखादे अक्षर, बाण, चित्र, कधी आवाज. मराठीत कोणी संवर्धित वास्तव म्हणते, कोणी विस्तारित वास्तव. नावावरून मी भांडणार नाही. ‘नेमक्या जागी’ हे दोन शब्द मात्र मी सोडणार नाही. रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ साली एआरची जी व्याख्या केली आणि जी आजही धरली जाते, तिच्यात तीन अटी आहेत: खरे आणि काल्पनिक एकत्र दिसावे, माणूस हलेल तसे ते तिथल्या तिथे प्रतिसाद देत राहावे, आणि ते त्रिमितीत खऱ्या जगाशी जुळलेले असावे. त्या वाघाची नाळ हॉलशी कुठेच जुळलेली नव्हती. तो सुरतेत दाखवला असता तरी तेवढाच आणि तसाच दिसला असता.

आमच्या कारखान्यात एक मोठा पंप जोडतात. त्याच्या झाकणाचे बोल्ट ओळीने आवळत गेले तर झाकण एका बाजूला कलते आणि पुढे गळती लागते. म्हणून एक आवळला की त्याच्या समोरचा आवळायचा, असा क्रम असतो, आणि प्रत्येकाला किती जोर द्यायचा तेही ठरलेले असते. पूर्वी नवा मुलगा तेलकट बोटांनी पुस्तकाची पाने उलटत हे शोधायचा. आता तो टॅबलेट पंपासमोर धरतो आणि खऱ्या बोल्टवर आकडा उमटतो: १, मग समोर २. वळून पलीकडे गेला तरी आकडे आपापल्या बोल्टवर चिकटून असतात. पुस्तकात तीच माहिती होती. ती पानावरून उचलून बोल्टवर ठेवली, एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे.

गंमत म्हणजे या तंत्राला नाव मिळाले तेही अशाच कारखान्यातल्या कामावरून. १९९०च्या सुमारास बोईंग कंपनीत टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल विमानांतल्या वायरिंगच्या प्रश्नावर काम करत होते. कामगारांना मोठमोठ्या फळ्यांवर वायरी मांडून त्यांचे जुडगे बांधावे लागत आणि कुठली वायर कुठून न्यायची हे आराखडे बघून ठरवावे लागे. तो आराखडा थेट कामगाराच्या डोळ्यांसमोर, फळीवरच दिसला तर? या विचारासाठी कॉडेल यांनी ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ हे शब्द वापरले. त्याआधी १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचा पहिला असा पडदा करून दाखवला होता. त्याचा सांगाडा छताला टांगलेला असे, आणि दिसायचे काय, तर खोलीत तरंगणारा नुसत्या रेघांचा ठोकळा. तो ठोकळा खोलीतच आहे असे वाटावे म्हणून डोके कुठे वळते हे मोजण्याची ती सारी खटपट होती.

ती खटपट आज आपल्या खिशातला फोन करतो. कशी, ते सांगते, कारण पुढच्या बोलण्याचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. ठिपक्यांची रांगोळी आठवा. बाई आधी ठिपके देते, मग त्यांच्या आधाराने रेघ फिरवते. फोनचा कॅमेराही समोरच्या दृश्यात आधी ठिपके शोधतो: टेबलाचा कोपरा, फरशीवरचा डाग, अक्षराची टोके, जिथे उजेड आणि अंधार ठळकपणे बदलतो अशा जागा. तुम्ही फोन हलवला की हे ठिपके पडद्यावर सरकतात. जवळचे जास्त, लांबचे कमी. त्याच वेळी फोनमधला जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सेलरोमीटर फोन किती वळला, किती सरकला ते सांगत असतात. हे दोन हिशेब सेकंदाला तीस-साठ वेळा ताडून फोन ठरवतो, की मी खोलीत इथे आहे, भिंत तिथे आहे. एकदा हे ठरले की भिंतीवर ठेवलेली वस्तू भिंतीवरच राहते. २०१७ साली अ‍ॅपलने एआरकिट आणि गूगलने एआरकोअर आणले, तेव्हापासून ही सोय साध्या फोनवरच्या अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या हाती आली. त्याच्या आदल्या वर्षी पोकेमॉन गो या फोनवरच्या खेळाच्या वेडापायी मुले मैदानांत आणि रस्त्यांत फोन धरून फिरली होती, ते आपल्याला आठवत असेल.

ठिपके सापडले नाहीत तर मात्र सगळे कोसळते. पांढऱ्याशुभ्र, नुकताच रंग दिलेल्या भिंतीसमोर फोन आंधळा होतो. चकचकीत संगमरवर किंवा पॉलिश केलेले पोलाद त्याला फसवते, कारण प्रतिबिंबातले ठिपके आपण हललो की भलतीकडे पळतात. आमच्या पंपावरचे पहिले आकडे याच कारणाने हातभर सरकून बसायचे. शेवटी पंपाच्या बैठकीवर छापील खुणेचा कागद चिकटवला तेव्हा ते जागेवर आले.

हे सगळे आपल्याला का सांगते आहे? कारण मागच्या पावसाळ्यात भाच्याला घेऊन मी तांबेकर वाड्यात गेले.

आपल्यातल्या कितीतरी जणांचे घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आत एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे आहेत: कृष्णाच्या कथा, महाभारतातले प्रसंग, लढाया, आणि त्या काळची माणसे. भिंती काठोकाठ भरलेल्या. भाचा एका चित्रासमोर थांबला आणि विचारू लागला, हा कोण, ही काय नेसली आहे, याच्या डोक्यावर काय आहे? मी पगडी म्हटले. त्याला पगडी म्हणजे काय ते माहीत नव्हते. तो घरी मराठी बोलतो, शाळेत इंग्रजी, गल्लीत गुजराती. पगडी हा शब्द त्या तिन्ही ठिकाणी त्याच्या वाट्याला आलेला नाही. पुढच्या चार प्रश्नांची उत्तरे मलाही आली नाहीत. मला लाज वाटली. पण उभ्या उभ्या दुसरेही एक सुचले. एआरला जे हवे असते, ते सगळे या भिंतीत आहे. बोटभर जागा कोरी नाही, सगळीकडे रेघा, रंग, काठ, डोळे. फोनच्या भाषेत सांगायचे तर ही भिंत म्हणजे ठिपक्यांची खाण आहे.

आमच्या शेजारच्या आजी पंच्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना आता वाड्याचा जिना चढवत नाही. मी भित्तिचित्राच्या फोटोची मोठी प्रत काढली आणि त्यांच्या पलंगासमोर धरली. त्या चष्मा पुसून बघू लागल्या आणि बोलायला लागल्या. काष्टा कसा घातला आहे, हे नेसणे आपल्या आईच्या नेसण्यापेक्षा कुठे वेगळे आहे, नथीचा आकार, बसण्याची पद्धत, कोणासमोर कोणी पदर घेतला आहे. वीस मिनिटे मी फोनवर त्यांचा आवाज टिपला. मग त्याचे छोटे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा चित्रातल्या ज्या माणसाविषयी होता त्या माणसाशी बांधला. या कामाला दोन संध्याकाळी लागल्या. भाच्याच्या खोलीत ती प्रत भिंतीला लावली आणि त्याला फोन दिला. त्याने कॅमेरा नऊवारीतल्या बाईवर नेला. तिच्याभोवती एक बारीक सोनेरी रेघ उमटली आणि आजींचा आवाज आला, ‘ही बघ बाळा, हिने काष्टा मागे खोचलाय ना...’ तो दचकला. फोन बाजूला करून त्याने कागदाकडे बघितले, परत फोनमधून बघितले, परत कागदाकडे. आणि मग फोन खाली ठेवून धावत शेजारी गेला, आजींना काष्ट्याबद्दल विचारायला.

यासाठी एक रुपयाचाही हेडसेट लागला नाही. ज्याला कशाचीच तोड नाही, तो आजींचा आवाज होता. आणि तो किती दिवस मिळेल ते आपल्या हाती नाही.

माझे मागणे एवढेच आहे: एआरवर खर्च करायचा असेल तर तो यंत्रावर करू नका, आपल्या माणसांच्या आठवणी टिपण्यावर आणि त्या त्यांच्या जागेशी बांधण्यावर करा. यंत्रे दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. गूगलने टँगो नावाची स्वतःचीच एआर यंत्रणा २०१८ मध्ये बंद केली आणि तिच्या जागी एआरकोअरला पुढे आणले. तिच्यासाठी बनवलेली अ‍ॅप्स तिच्याबरोबर गेली. नीट टिपलेला आवाज, नीट काढलेला फोटो आणि त्याखाली नीट लिहिलेली माहिती मात्र उद्याच्या कुठल्याही यंत्रावर चढवता येईल.

जगात या तंत्राचे बरेच भले उपयोग होत आहेत. काही दवाखान्यांत सुई टोचण्याआधी हातावर एक यंत्र धरतात. रक्त डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषते, म्हणून शिरा कुठे आहेत ते यंत्राला कळते आणि शिरांचा नकाशा ते थेट कातडीवर पाडते. लहान मुलांच्या बाबतीत याचा फार आधार वाटतो. परक्या लिपीतल्या पाटीवर फोन धरला की अक्षरांच्या जागी आपल्या भाषेतली अक्षरे दिसतात. सोफा घ्यायच्या आधी तो दिवाणखान्यात मावतो का ते बघता येते. वैमानिकाला क्षितिजाची रेघ समोरच्या काचेतच दिसते. हे सगळे आपण वर्तमानपत्रांतून वाचलेच असेल.

मला मोह पडतो तो वॉशिंग्टनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने २०१५ साली केलेल्या कामाचा. तिथे हाडांचे जुने दालन आहे. सांगाडे काचेमागे वर्षानुवर्षे उभे, लोक पुढून निघून जात. त्यांनी एक अ‍ॅप केले. फोन सांगाड्यावर धरला की त्या हाडांवर मांस, कातडी चढते आणि प्राणी हलू लागतो. सांगाडा होता तिथेच, होता तसाच. आता आपल्या कमाटीबागेतल्या संग्रहालयातला देवमासा डोळ्यांसमोर आणा. मही नदीच्या मुखाशी आलेल्या त्या देवमाशाचा सांगाडा बघितला नाही असे बडोद्यात वाढलेले मूल सापडणे कठीण. त्या हाडांवर कातडी चढली, शेपटी हलली आणि मराठीतून, गुजरातीतून कोणी त्याची गोष्ट सांगितली तर? असा प्रस्ताव संग्रहालयापुढे मांडणे एकट्या-दुकट्याचे काम नाही. आपल्या संस्थांनी मिळून मांडला तर त्याला वजन येईल.

आणि हे काम बडोद्याला परके नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पुढे अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगावी जायची, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच ग्रंथालय खात्याची एक दृश्य-शिक्षणाची शाखाही होती, हे मात्र सांगायचे राहून जाते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावे म्हणून ती शाखा मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रे पडद्यावर पाडणारा दिवा), सिनेमाची यंत्रे आणि स्टिरिओस्कोप लोकांपर्यंत नेत असे. स्टिरिओस्कोप म्हणजे किंचित वेगळ्या कोनांतून काढलेले दोन फोटो दोन डोळ्यांना वेगवेगळे दाखवून खोली भासवणारे साधन. आजच्या हेडसेटचा तो पणजोबा. शंभर वर्षांपूर्वी बडोद्याच्या खेड्यात कोणी शेतकरी डोळ्यांना ते लावून उभा असेल, हे चित्र मनात आले की मला भरून येते. त्या लोकांनी यंत्र मागवले ते काय दाखवायचे हे ठरवून. आपण नेमके तेवढेच करायचे आहे.

मोडीचा विषय अनेक जण काढतील, म्हणून इथेच लिहिते. आपल्या घराघरांत ट्रंकांत मोडी कागद पडून आहेत. फोन धरला की मोडीची देवनागरी होईल, असे कोणी विकायला आले तर आधी आपल्याच घरातला एक कागद पुढे करा. छापील अक्षर वाचणे फोनला जमते. घाईत लेखणी न उचलता लिहिलेली मोडी वाचणे ही वेगळी गोष्ट आहे. आज भरवशाचा मार्ग हाच, की जाणकाराने कागद आधी वाचावा, देवनागरीत उतरवावा, आणि मग ते देवनागरी मोडीच्या ओळीवर ओळ असे बसवावे. असे एक पत्र जरी प्रदर्शनात लावले तरी मुले त्यावर फोन धरून अक्षर न् अक्षर ताडून बघतील, आणि त्यातले एखादे मोडी शिकायला येईल.

काही काळज्या घ्याव्या लागतील. वाड्यातल्या भिंतीला खूण, स्टिकर, काहीही चिकटवायचे नाही. चित्र स्वतःच खूण आहे. तिथे काहीही करायचे तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आधी. फ्लॅश कधीच नाही, आणि आत उजेड कमी असल्याने फोनला ठिपके दिसायला वेळ लागतो हे धरून चालायचे. मांडवी ते पाणीगेटच्या रस्त्यावर फोनमध्ये डोळे घालून चालण्याचा कार्यक्रम कृपा करून आखू नका; थांबून बघायच्या जागाच निवडा. पोळाच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, अरुंद गल्लीत जीपीएस कित्येक मीटर चुकते, त्यामुळे ‘इथे उभे राहिलात की जुना वाडा दिसेल’ हे आश्वासन देण्याआधी स्वतः उभे राहून बघा. कॅमेरा सतत चालू असतो आणि त्यात दुसऱ्यांची मुले, दुसऱ्यांची घरे येतात. ती चित्रे फोनबाहेर जातात का, हा प्रश्न कंत्राटदाराला विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. आणि आवाजाच्या मूळ फाइली संस्थेच्या कपाटात राहिल्या पाहिजेत, कंपनीच्या नव्हे. आजींचा आवाज आजींना विचारूनच वापरायचा, हे वेगळे सांगायला नको.

मी आणि कंपनीतले माझे दोन सहकारी रविवारचा वेळ द्यायला तयार आहोत. तंत्राची बाजू आमची, तिचा मोबदला नको. आपल्याकडून हवे ते असे: प्रत्येक संस्थेने आपल्या सभासदांतली ऐंशीच्या पुढची दोन माणसे सुचवावी, त्यांच्याशी बोलायला एक धीराचा माणूस द्यावा, आणि आपल्या परिसरातली एक भिंत, एक फोटो किंवा एक कागद निवडावा. तेवढ्याने सुरुवात होते. हेडसेटचा ठराव तोवर बाजूला ठेवावा, ही विनंती.

कोजागिरीच्या आधीच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी तांबेकर वाड्याच्या दाराशी असेन. भाचा असेल. चित्राची ती मोठी प्रत आणि फोन बरोबर आणते. कुणा घरातल्या आजी-आजोबांना तेवढे अंतर येता आले तर त्यांच्यासाठी खुर्च्याही आणू. प्रत्येक संस्थेने निदान एक जण पाठवावा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दांडियाबाजारातली एक सभासद